मूठव्रताचा घडा

एका राज्यात एका ताटावरून भांडण पेटलं होतं, आणि ते थांबवायची हिंमत खुद्द राजाला होत नव्हती.

"उचल ते ताट," राजमाता हेमांगदा म्हणाली.

"नाही उचलत," धोंडाई सुईण म्हणाली.

"सुईणीनं बाळंतपण करावं. ताट वाढू नये."

"मासाहेब, मूल माझ्या हातात येतं तेव्हा मडकं भाजून झालेलं असतं. माती मळताना मला कुणी बोलावत नाही. म्हणून आज न बोलावता आले."

दोघींच्या मधे पाटावर राणी कुमुदिनी बसली होती. तिला कालच चौथा महिना लागला होता. समोरच्या ताटात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, तिळाची चटणी आणि लोण्याचा गोळा. राणीनं भाकरीला हात लावला होता, आणि तो हात तिथंच थांबला होता.

सिंहासनावर राजा अरुणध्वज बसला होता. त्याचे पाय पाण्याच्या परातीत होते. त्याला कारण होतं. राजा जमिनीवर पाऊल टेकवी तिथं मुंग्या येत. त्याचं रक्त गोड झालं होतं. वय अवघं तेहेतीस, पण डोळ्यांपुढे धुकं, आणि पायात काटा रुतला तरी त्याला कळत नसे. त्याचा बाप असाच गेला, चाळिशी न गाठता. आजा असाच गेला, आंधळा होऊन. त्या घराण्यातल्या एकाही राजानं आपल्या नातवंडाचं तोंड पाहिलं नव्हतं. प्रजेला त्याचं नवल उरलं नव्हतं. राजे असेच असतात, असं लोक धरून चालले होते.

आता मूठव्रत म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

राजवाड्याच्या तळघरात तांब्याचा एक घडा होता. राणीला चौथा महिना लागला की चौथ्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, तिनं त्या घड्यावर उजवा हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'मी मुठीत राहीन.' तिथून बाळंत होईपर्यंत दिवसाला एक मूठ पांढरा भात. त्याहून जास्त कुणी तिच्या ताटात वाढलं, हातात दिलं, घास करून तोंडाशी नेला, तरी ते जागच्या जागी नाहीसं होई, आणि तेवढंच सोनं तळघरात घड्यात पडे. टण्ण असा आवाज येई. म्हणून वाड्यातली माणसं मुद्दाम राणीपुढे पंचवीस पदार्थ वाढत. राणी बघत बसे. पदार्थ जात. खाली टण्ण टण्ण वाजे, आणि दासी हात जोडत, 'राणीचं पुण्य पडलं!'

असंही सांगत की राणी मुठीत राहिली तर मूल लहान येतं आणि सुटका सोपी होते. आणि असंही सांगत की राजा आजारी निघाला तर समजावं, त्याच्या आईनं चोरून व्रत मोडलं होतं.

तर त्या घड्याची वेळ आता कुमुदिनीवर आली होती, आणि धोंडाई ताट घेऊन आडवी आली होती.

"मी मुठीत राहिले," राजमाता म्हणाली. "माझ्या सासूबाई राहिल्या. त्यांच्या सासूबाई राहिल्या. आम्हांला काय झालं?"

"तुम्हांला काही नाही झालं. परातीत पाय कुणाचे आहेत?"

राजानं पाय हलवले. पाणी डचमळलं.

"जीभ आवर, धोंडाई."

"चाळीस वर्षं आवरली. महाराज माझ्याच हातात आले. या एका तळव्यावर मावले होते, मांजराच्या पिलासारखे. कुंभारवाड्यात मी तीनशे बाळंतपणं केली. कुंभारणीचं मूल धरायला दोन हात लागतात. आणि कुंभारवाड्यात कुणाच्या पावलाला मुंग्या लागत नाहीत. हे मला कुण्या पंडितानं शिकवलं नाही. माझ्या तळहातांनी शिकवलं."

"म्हणजे माझ्या सुनेनं कुंभारणीसारखं दुप्पट चरावं?"

"दुप्पट कशाला? गुळातुपात लोळवा असंही मी म्हणत नाही. भुकेइतकं खावं, आणि ताटात डाळ, भाजी, भाकरी असावी. एवढंसं सांगायला मला राजदरबारात ओरडावं लागतं, याचीच मला लाज वाटते."

"लाज? आणि तुला?" राजमाता हसली. "सीमेवर सैन्य उभं आहे ते त्या घड्यातल्या सोन्यावर. ते काय तुझ्या मेथीच्या जुडीवर उभं राहील?"

तेव्हा राजा बोलला. "धोंडाई, तुझ्यापाशी पुरावा आहे?"

"तळहात आहेत."

"तळहातांवरून पिढ्यांचं व्रत मोडता येत नाही. घडा कुणी दिला, कशासाठी दिला, ते शोध. तीन दिवस देतो. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आलीस तर ऐकेन. नाहीतर राणी घड्यावर हात ठेवील."

"आणि रिकामी आलीस," राजमाता म्हणाली, "तर ते शहाणे तळहात मनगटापासून उतरवीन."

"उतरवा. पण तोवर पोरीला जेवू द्या."

"तोवरही मूठच."

राजमातेनं पायानं ताट सरकवलं. वरण फरशीवर सांडलं. धोंडाईनं ते पाहिलं, पदर खोचला, आणि ती निघाली.

राज्याच्या उत्तरेला काळ्या कातळाचा डोंगर होता. त्याच्या पोटात काळदंत नावाचा मांत्रिक तीनशे वर्षं बसला होता. त्याच्या गळ्यात माणसांच्या दातांची माळ होती. जुन्या जादूचं मूळ ठाऊक असेल तर त्यालाच, म्हणून धोंडाई आधी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"का आलीस?"

"विचारायला."

"एका प्रश्नाला एक दात. माझा नियम आहे."

"चारच उरलेत."

"मग प्रश्नही चार."

"तीन पुरतील. एक भाकरीला ठेवते," धोंडाई म्हणाली, आणि तोंड उघडून त्याच्यासमोर बसली. "राजवाड्यातल्या घड्यात सोनं येतं कुठून?"

काळदंतानं दोन बोटांनी एक दात उपटला आणि मग उत्तर दिलं. "ते सोनं नव्हे. ते राजपुत्रांचं रक्त आहे, पायांतलं बळ आहे, डोळ्यांतला उजेड आहे. आईच्या ताटातून त्यांना जे मिळायचं होतं, ते. पहिल्या राजाला लढाईसाठी धन हवं होतं. मी म्हटलं, जो अजून जन्मला नाही त्याच्याकडून घे, तो ओरडत नाही. राजानं घेतलं. घडा मी दिला."

धोंडाईनं दुसरा दात पुढे केला. "घडा फुटेल कसा?"

"तीन आयांच्या साक्षीनं. एक मातीतली, एक वाऱ्यावरची, एक सिंहासनावरची. मातीतली खडकमाळावर आहे, वाऱ्यावरची कड्याच्या टोकाला. त्यांची खूण आण. ती घड्याच्या तोंडावर ठेवलीस की ती बोलेल."

"आणि सिंहासनावरचीला बोलतं कसं करू?"

तिसरा दात निघाला. काळदंत पहिल्यांदा हसला. "तू करू शकत नाहीस. तिला शिकवायचं नाही, विचारायचं नाही, तिच्या तोंडात शब्द घालायचा नाही. तू एक अक्षर जरी काढलंस तरी घडा पोलादाचा होईल, आणि मग तो कुणालाच फुटायचा नाही. ती खरं बोलली तर फुटेल. खोटं बोलली तर पडलेल्या भेगाही बुजतील."

धोंडाईनं रक्त थुंकलं. "हात मात्र हलका आहे तुझा," ती म्हणाली. "सुईणपण केलं असतंस तर कुणाच्या उपयोगी पडला असतास."

खडकमाळावर ज्वारीचं एकच धाट उभं होतं. त्याच्या मुळाशी नाग वेटोळं घालून बसला होता. धोंडाई जवळ जाताच त्यानं फणा काढला.

"न विचारता कणीस खुडील त्याला मी डसतो."

"मी विचारायलाच आले आहे."

नाग बाजूला झाला. धाट डोललं, आणि कणसातून बारीक, कोरडा आवाज आला.

"विचार."

"पोटात असताना उपाशी राहिलेलं लेकरू पुढे पंचपक्वान्नं जेवतं. मग त्याची तब्येत सुधारायची सोडून बिघडते का?"

"मी निसवत होते, धाटातून बाहेर येत होते, त्या साली पाऊस गेला," कणीस म्हणालं. "दाणे भरत होते आणि मी तहानलेली होते. मी त्यांना एकच गोष्ट शिकवली. बाळांनो, जग कोरडं आहे. जो थेंब मिळेल तो धरून ठेवा, सोडू नका. शहाणी लेकरं ती, शिकली. पुढच्या साली कुणीतरी त्यांना काळ्या रानात पेरलं, वर पाट सोडला. त्यांनी आईचं ऐकलं. प्रत्येक थेंब धरला, एकही सोडला नाही. धरता धरता आतून कुजली. लोक म्हणाले, बी वाईट. बी वाईट नव्हतं. मी त्यांना सांगितलेलं जग एक होतं, आणि त्यांना भेटलेलं जग दुसरं."

धोंडाई दगडावर बसली. तिच्या डोळ्यांपुढे तळव्याएवढा राजपुत्र आला. पोटात त्याला एक मूठ कळली होती, आणि बाहेर आल्या दिवसापासून वाड्यानं त्याच्या तोंडात श्रीखंड, बासुंदी, शिरा कोंबला होता. त्यानं सगळं धरून ठेवलं होतं. कुणी त्याला सोडायला शिकवलंच नव्हतं.

"कणीस खुडू का, बाई?"

"खूड. हळू."

पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी ती कड्याच्या वाटेला लागली. त्या वाटेवर वारा राहत होता. खोटं बोलणाऱ्याला तो उचलून दरीत टाकी. खाली हाडांचा ढीग दिसत होता, आणि त्यात बरेच मोठे मोठे फेटे होते. कड्याच्या टोकाला बाभळीवर भारद्वाज पक्ष्याची मादी बसली होती, डोळे गुंजेसारखे लाल.

"पीस हवंय ना?" पक्षीण म्हणाली. "देते. आधी तू एक सांग. हेमांगदा राणी गर्भार होती तेव्हा तिची मूठ कोण मोजत होतं?"

धोंडाईच्या तोंडात उत्तर तयार होतं. "वाड्याचा रिवाज," ती म्हणाली.

वारा उठला. त्यानं तिला उचललं. तिचे पाय कड्यावरून सुटले, लुगडं फडफडलं, आणि ती करवंदीच्या मुळाला एका हातानं धरून दरीवर लोंबकळली. काटे तळव्यात घुसले.

"मी!" ती ओरडली. "मी मोजत होते! मूठ भरली की वरचे चार दाणेसुद्धा मी बोटानं खाली पाडत होते. मला मानाचं लुगडं मिळालं होतं. मूल लहान आलं, आणि मी दारात उभी राहून फुशारकी मारली, की माझ्या हातगुणानं सुटका कशी फुलासारखी झाली! फुलासारखी नव्हती झाली. बाई दोन दिवस ओरडत होती, तिच्या अंगात कळ द्यायलाही बळ नव्हतं."

"ती भुकेली होती का?" पक्षिणीनं विचारलं.

धोंडाईनं मूळ आणखी घट्ट धरलं. मग म्हणाली, "मी विचारलं नाही."

वारा पडला. तिनं गुडघा कड्यावर टेकला आणि धापा टाकत वर आली. जगाला तोंडावर सुनावणारी बाई, पण हे तिनं स्वतःलाही कधी सुनावलं नव्हतं.

पक्षीण खाली येऊन तिच्याजवळ बसली. "माझी साक्ष ऐक. वणवा लागला त्या साली रानात किडा नव्हता. मी उपाशीपोटी अंडी घातली. पिलं मऊ हाडांची निघाली, त्यांच्याच्यानं उडवेना. सगळं रान मला म्हणालं, वाईट आई. पण पिलाच्या तोंडचा घास आई चोरत नाही. तिच्याही तोंडचा कुणीतरी आधी काढलेला असतो. पुढल्या साली चारा होता. मी खाल्लं. ती पिलं बघ, तिकडे उडतायत."

तिनं चोचीनं आपलं तांबूस पीस उपटलं आणि धोंडाईच्या रक्ताळलेल्या तळव्यावर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी धोंडाई धावतपळत वाड्यात पोचली तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. दरबार रिकामा. सगळे तळघरात. ती जिना उतरली. तळघराला एकच झरोका होता, आणि त्यातून सूर्य डोंगराला टेकायला आलेला दिसत होता. घड्यासमोर कुमुदिनी उभी होती. तीन दिवस मुठीवर होती. ओठ पांढरे पडले होते, दोन दासींनी तिला धरलं होतं. तिचा उजवा हात घड्यापासून वीतभर वर होता.

"थांबा!" धोंडाई म्हणाली.

"सूर्य अजून आहे," राजा म्हणाला. "बोल."

"मी नाही बोलणार. ह्या बोलतील."

तिनं घड्याच्या तोंडावर कणीस ठेवलं. कणीस बोललं, जसं माळावर बोललं होतं तसंच. सगळ्यांनी ऐकलं, आणि घड्याला काठापासून बुडापर्यंत एक भेग पडली. राजानं आपल्या पायांकडे पाहिलं.

तिनं पीस ठेवलं. पीस बोललं. दुसरी भेग पडली. कुमुदिनीनं सासूकडे पाहिलं.

आता तिसरी साक्ष उरली होती. सगळे धोंडाईकडे बघत राहिले, आणि धोंडाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिनं उरलेला एकुलता दात खालच्या ओठात रुतवला. तीनशे बाळंतपणं केली त्या बाईनं, पण इतका वेळ श्वास तिला कधी धरावा लागला नव्हता.

"झालं?" राजमाता पुढे आली. "एक धाट बोललं, एक पाखरू बोललं. जादूटोणा करून आलीस तू. सूनबाई, ठेव हात. ही म्हातारी तुला व्रत मोडायला लावील आणि तुझं लेकरू आजारी निघेल. आजारी राजाची आई व्रत मोडणारी असते, हे अख्खं राज्य जाणतं!"

शब्द भिंतींवर आपटले आणि परत आले.

"आईसाहेब," राजा हळूच म्हणाला, "मी आजारी आहे."

राजमाता जागच्या जागी उभी राहिली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. सिंहासनामागे तेहेतीस वर्षं ताठ उभी राहिलेली ती बाई घड्याशेजारी खाली बसली.

"हो," ती म्हणाली. "मोडलं मी. पाचव्या महिन्यापासून. ताटातलं हा घडा नेई, हातातलं नेई. पण गाईच्या गव्हाणीत थेट तोंड घातलं तर याला कळत नसे. दुपारी सगळे निजले की मी गोठ्यात जाई. भिजवलेली सरकी, पेंड. लंगडी कपिला मला वाट करून देई. रोज जात होते. आणि म्हणून माझा अरुण असा झाला. मी पाप केलं, त्या मुंग्या माझ्या पापाच्या आहेत. सूनबाई, तुझ्यावर मी एवढी कडक का झाले? तुझ्या लेकराला तरी आईचं पाप नको, म्हणून!"

धोंडाईला वाटलं, फुटला घडा. तिनं वर पाहिलं. घडा फुटला नव्हता. पहिली भेग बुडाकडून वर बुजत चालली होती. मग दुसरीही.

राजमाता मनापासून बोलली होती, पण खरं बोलली नव्हती. पाप हा शब्द खोटा होता. तो सासूनं सुनेच्या तोंडात घातलेला, तिच्या सासूनं तिच्या तोंडात घातलेला शब्द होता. त्या वंशातली प्रत्येक राणी काहीतरी चोरून खाऊन बसली होती, आणि मुलगा आजारी पडला की मनात म्हणत होती, हे माझ्यामुळे. आणि म्हणूनच प्रत्येकीनं पुढचीची मूठ आणखी आवळली होती. धोंडाईला हे सगळं एका क्षणात दिसलं. ओठातून रक्त आलं, पण तिनं अक्षर काढलं नाही. झरोक्यात सूर्याचा नखाएवढा तुकडा उरला होता.

तेव्हा कुमुदिनीनं दासींचे हात सोडवले. तिनं घड्याच्या वर धरलेला आपला हात मागे घेतला, ती सासूजवळ खाली बसली, आणि तो हात सासूच्या हातावर ठेवला.

"आईसाहेब, गव्हाणीत तोंड का घातलंत?"

"सांगितलं ना, पाप..."

"पाप नंतर लोकांनी म्हटलं. त्या दुपारी गोठ्यात जाताना काय होत होतं?"

राजमातेचे ओठ हलले.

पुढे काय काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण तिच्या वाक्यानंतर कुणी काही बोलावं असं मला वाटत नाही.

घडा फुटला. आतलं सोनं फरशीवर येईतो सोनं राहिलं नाही. ज्वारी, नाचणी, तूर, तीळ असं धान्य वाहू लागलं आणि सात दिवस वाहत राहिलं. डोंगराच्या पोटात काळदंताच्या गळ्यातली माळ तुटली आणि तीनशे वर्षांनी तो आडवा झाला. सीमेवरच्या सैन्याला सोन्याऐवजी धान्य मिळालं. थोडे शिपाई कुरकुरले, बाकीच्यांनी भाकरी भाजली.

कुमुदिनीनं उरलेले महिने भुकेइतकं खाल्लं. तिची सुटका फुलासारखी झाली नाही. अख्खा दिवस गेला, आणि यावेळी धोंडाईनं दारात येऊन जसं घडलं तसंच सांगितलं. मुलगी झाली. धरायला दोन हात लागले. पुढे तीच गादीवर बसली. तिच्या पावलामागे मुंग्या एकदाच लागल्या, तेव्हा तिच्या मुठीत गुळाचा खडा होता.

राजा पुरता बरा झाला असं मी सांगणार नाही. पोटात शिकलेलं सगळंच पुसता येत नाही. पण पंचवीस पदार्थ गेले, तो रोज कोसभर चालू लागला, पायांकडे रोज बघू लागला, आणि मुंग्यांची रांग बारीक होत गेली. त्यानं नातवाचं तोंड पाहिलं. त्या घराण्यात तो पहिलाच.

आणि राज्यात कायदा झाला, की घरात गर्भार बाई असेल तर पहिलं ताट तिचं, मग इतरांचं. राजवाड्यात ते पहिलं ताट राजमाता आपल्या हातानं वाढी, आणि बाईनं पुरे म्हटल्याशिवाय डाव खाली ठेवत नसे.

हे सगळं त्या एका वाक्यानं झालं. सूर्याचा शेवटचा तुकडा झरोक्यात होता, भेगा बुजत आल्या होत्या, धोंडाई भिंतीला टेकली होती, राजा श्वास रोखून होता. सुनेचा हात हातात घेऊन हेमांगदा म्हणाली,

"पाप कसलं गं, मला भूक लागायची."